दगड पडण्याआधीचे ३२ तास

साउथपोर्ट हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं, लिव्हरपूलच्या उत्तरेचं समुद्रकाठचं शहर. ३० जुलै २०२४ च्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास तिथल्या सेंट ल्यूक्स रोडवरच्या मशिदीवर दगड-विटा पडू लागल्या. दगड मारणाऱ्यांच्या डोक्यात एक नाव होतं. त्या नावाचा कुणीही त्या गुन्ह्यात नव्हता, आणि हे पहिला दगड पडण्याच्या कितीतरी आधी सांगून झालं होतं.

पुढचा घटनाक्रम त्या संध्याकाळपासून मागे मोजला आहे. शून्य म्हणजे पहिला दगड. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी पाहायच्या आहेत: तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, आणि जे माहीत नव्हतं त्याच्या जागी लोकांनी काय भरलं.

३२ तास आधी
सोमवार, २९ जुलै, सकाळी पावणेबारा

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. हार्ट स्ट्रीटवरच्या एका सभागृहात लहान मुलींसाठी टेलर स्विफ्टच्या गाण्यांवरच्या नाचाचं आणि योगाचं शिबिर भरलं होतं. कार्यक्रम संपत आला होता. मुली मणी ओवून एकमेकींसाठी ब्रेसलेट बनवत बसल्या होत्या. १७ वर्षांचा एक मुलगा टॅक्सीने तिथे आला, आत शिरला आणि चाकूने वार करत सुटला. दोन मुली त्याच दिवशी गेल्या, तिसरी दुसऱ्या दिवशी. त्यांची वयं ६, ७ आणि ९. आणखी ८ लहान मुलं आणि २ मोठी माणसं जखमी झाली. पोलिसांनी हल्लेखोराला जागीच पकडलं.

या लेखाचा विषय त्यानंतरचे तास आहेत. तरी मोजणी इथूनच सुरू व्हायला हवी. पुढे जे पसरलं ते या मुलींच्या नावाने पसरलं, आणि त्यांच्या आईबापांना शोक करायला मिळायला हवी होती ती शांतता त्याने हिरावून घेतली.

३१ ते २७ तास आधी
सोमवार दुपार

काही वेळातच पोलिसांनी जाहीर केलं की एकाला ताब्यात घेतलं आहे आणि चाकू जप्त झाला आहे. नाव सांगितलं नाही. न सांगण्यामागे ठरलेली पद्धत होती. ब्रिटनमध्ये आरोप ठेवण्याआधी संशयिताचं नाव पोलीस सहसा सांगत नाहीत. संशयित १८ च्या आतला असेल तर बंधनं आणखी कडक होतात. शिवाय १९८१ चा न्यायालय अवमान कायदा आहे. पुढे ज्यांना ज्युरीत बसायचं आहे त्यांची मतं आधीच तयार होऊ नयेत, म्हणून खटल्यावर परिणाम होईल असं काही छापायला वा बोलायला तो कायदा मनाई करतो.

हे ज्याला ठाऊक होतं, त्याला दुपारी तीन वाजता नाव जाहीर न होण्यात काहीच वावगं वाटलं नसतं. ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला ती लपवाछपवी वाटली. व्यवस्था कशी चालते हे माहीत असणं हा माध्यमसाक्षरतेचा पहिला धडा आहे आणि तोच आपण सर्वांत कमी शिकवतो. बातमीतल्या शांततेचा अर्थ लावायलाही शिक्षण लागतं.

महाराष्ट्राने असाच अनुभव त्याआधी दोनच महिने घेतला होता. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोन तरुण जीव गेले. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अल्पवयीनाची ओळख उघड करता येत नाही. लोक चिडलेले होते आणि त्यांच्या चिडण्याला कारणही होतं. त्या चिडीच्या दिवसांत एका मुलाचं रॅप गाणं ‘हाच तो’ म्हणून लाखो फोनवर फिरलं. पोलिसांनी तो मुलगा वेगळाच असल्याचं सांगितलं, तोवर बघायचं ते सगळ्यांनी बघून घेतलं होतं. साउथपोर्टला जे घडलं ते परक्या लोकांचं वेडेपण समजून बाजूला ठेवता येत नाही, ते एवढ्यासाठीच.

२७ तास आधी
सोमवार, संध्याकाळी ४ वाजून ४९ मिनिटं

एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) एक संदेश आला. त्यात संशयिताचं म्हणून एक नाव होतं, कानाला अरबी वाटेल असं. ते नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही. खोटं नाव खोडण्यासाठी उच्चारलं तरी ऐकणाऱ्याच्या लक्षात नावच राहतं. संदेशात पुढे म्हटलं होतं की हा माणूस आश्रय मागणारा आहे, गेल्या वर्षी होडीतून देशात आला आणि एमआय६ च्या निगराणीखालच्या यादीत होता. शेवटी एक वाक्य होतं: हे खरं असेल, तर आता भडका उडणार.

या संदेशाची परीक्षा घ्यायला कुठलंही यंत्र लागत नव्हतं. साध्या चार प्रश्नांत काम झालं असतं.

सांगणारी व्यक्ती कोण? घटनेशी, तपासाशी वा शहराशी तिचा संबंध नव्हता. तिला हे कसं कळलं? संदेशात त्याचा पत्ता नव्हता. नंतर तिने सांगितलं की मजकूर दुसरीकडून उचलला होता. आतला तपशील जुळतो का? एमआय६ ही ब्रिटनची परदेशात काम करणारी गुप्तचर संस्था आहे, देशातल्या संशयितांवर नजर ठेवण्याचं काम एमआय५ करते. ज्याला खरोखर आतली बातमी मिळाली आहे, त्याच्याकडून ही चूक होणं कठीण. आणि हेच दुसरं कुणी, स्वतंत्रपणे, स्वतःच्या माहितीवरून सांगत आहे का? त्या वेळी तरी कुणीही नाही.

‘खरं असेल तर’ हे शब्द सगळ्यांत घातक ठरले. लिहिणाऱ्याने त्यांच्या आडोशाने जबाबदारी झटकली. पुढे पाठवणाऱ्यांनी ते वाचले आणि सोडून दिले. आपल्याकडच्या ‘आले तसे पाठवत आहे’ या ओळीचं काम नेमकं हेच. पाठवणारा स्वतःला मोकळं करून घेतो आणि मजकूर दुप्पट वेगाने पुढे जातो.

एवढा साधा खोटेपणा का चालला? कारण त्यासाठी जागा तयार होती. इंग्लिश खाडी ओलांडून छोट्या होड्यांतून येणाऱ्यांचा प्रश्न ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं धुमसत होता. ४ जुलैला झालेल्या सार्वत्रिक निवडणुकीतही तो गाजला होता. ज्यांना आधीच वाटत होतं की देशावरची सगळी संकटं त्या होड्यांतून येतात, त्यांना या संदेशाने नवं काही सांगितलं नाही. त्यांच्या समजुतीला फक्त एक नाव मिळवून दिलं. बातमी वाचून ‘मला वाटलंच होतं’ असं ओठावर येतं, तो क्षण सगळ्यात जपण्याचा असतो. पडताळणी करायचं आपण तेव्हाच विसरतो.

२५ तास आधी
सोमवार, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास

मर्सिसाइड पोलीस दलाच्या प्रमुख सेरेना केनेडी पत्रकारांसमोर आल्या. ताब्यातला संशयित १७ वर्षांचा आहे, लँकेशरमधल्या बँक्स या गावात राहतो आणि मूळचा वेल्समधल्या कार्डिफचा आहे, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे त्या संदेशाला दोन तास पूर्ण होण्याआधीच ‘गेल्या वर्षी होडीतून आला’ हे विधान संपलं होतं. एका बाजूला पोलीस प्रमुख कॅमेऱ्यासमोर, आपल्या नावानिशी, आपल्या पदाच्या जबाबदारीने बोलत होत्या. दुसऱ्या बाजूला कुठून उचलला ते माहीत नसलेला मजकूर होता. लोकांच्या हाती आता दोन्ही होतं.

तरी पुढे पळाला तो मजकूरच. यात नवल नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या तीन संशोधकांनी ट्विटरवरच्या सुमारे १,२६,००० बातम्यांच्या प्रवासाचा अभ्यास करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष मांडले होते. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्के जास्त असते. १,५०० माणसांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सहापट वेळ लागतो. आणि हा वेग यंत्रांनी आणलेला नव्हता, तो माणसांनीच आणला होता. खोट्या बातमीत नवलाई असते, धक्का असतो, चीड असते. ‘कार्डिफमध्ये जन्मलेला मुलगा’ यात सांगण्यासारखं फारसं नव्हतं. अर्धं कळलेलं सत्य पूर्ण रचलेल्या गोष्टीसमोर नेहमी अपुरं दिसतं.

२४ ते १० तास आधी
सोमवारची रात्र

रात्रभरात त्या नावाला वृत्तसंस्थेचा पोशाख मिळाला. चॅनल३ नाऊ नावाच्या संकेतस्थळाने ते बातमी म्हणून छापलं. नाव एखाद्या अमेरिकी दूरचित्रवाहिनीसारखं, मांडणीही तशीच. आता लोकांकडे पाठवायला ‘बातमी’चा स्क्रीनशॉट होता. संदेशाच्या समर्थनाला संकेतस्थळ आणि संकेतस्थळाच्या समर्थनाला संदेश, असं वर्तुळ पूर्ण झालं. दहा ठिकाणी वाचलं म्हणजे दहा जणांनी शोधून काढलं असा आपला समज होतो. प्रत्यक्षात दहाही जण एकाच ठिकाणाहून उचलत असतात. शेवटच्या माणसाला ‘तुला कुठून कळलं?’ असं विचारत मागे मागे गेलं की बहुतेक अफवा एकाच अनोळखी ओळीपाशी येऊन संपतात.

समाजमाध्यमांच्या यंत्रणेनेही आपलं काम केलं. द्वेष आणि अपप्रचार यांवर काम करणाऱ्या इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक डायलॉग या संस्थेने नंतर दाखवून दिलं की एक्सच्या ‘ट्रेंडिंग’ यादीत ते खोटं नाव लोकांना सुचवलं जात होतं. टिकटॉकवर साउथपोर्टबद्दल शोधणाऱ्यांना ‘इतरांनी हेही शोधलं’ म्हणून तेच नाव समोर येत होतं. जे लोक अफवा शोधत नव्हते, नुसतं काय घडलं एवढंच विचारत होते, त्यांच्याही हातात ती ठेवली गेली. वाचकाने सावध राहायला हवं हे खरंच. पण वाचकाच्या सावधपणावर सगळा भार टाकून या कंपन्यांना सुटता येणार नाही.

या टप्प्यातला दुसरा धडा दुसऱ्या बाजूच्या लोकांसाठी आहे. दंगलींमुळे अस्वस्थ झालेल्या बऱ्याच जणांनी पुढे छातीठोकपणे सांगायला सुरुवात केली की हे संकेतस्थळ रशियन सरकारचं, हा सगळा रशियाचा कट. बीबीसीच्या वार्ताहरांनी त्या संकेतस्थळामागची माणसं शोधली. ती वेगवेगळ्या देशांत पसरलेली होती, आणि सापडला तो पैशासाठी गुन्ह्यांच्या बातम्या झटपट छापण्याचा धंदा. रशियन सरकारशी धागा जुळल्याचा पुरावा मिळाला नाही. ऑगस्टमध्ये लाहोरमधल्या एका संगणक व्यावसायिकाला या प्रकरणात अटक झाली. पुढे पुराव्याअभावी तोही सुटला. आपल्याला न पटणाऱ्या अफवेला पुरावा मागणं सोपं असतं. आपल्याला हव्या असलेल्या स्पष्टीकरणाला तोच पुरावा मागणं, ही खरी चिकित्सा.

सुमारे ८ तास आधी
मंगळवार, ३० जुलै, दुपार

तिसऱ्या मुलीच्या मृत्यूची बातमी आली होती. त्याच दिवशी पंतप्रधान कीर स्टार्मर फुलं वाहायला साउथपोर्टला आले, तेव्हा गर्दीतून त्यांच्यावर संतापाचे शब्द फेकले गेले.

त्या दिवशी पोलिसांनी आणखी स्पष्ट निवेदन काढलं: समाजमाध्यमांवर संशयिताचं म्हणून जे नाव फिरत आहे ते चुकीचं आहे, लोकांनी तर्कवितर्क करू नयेत. यापेक्षा थेट खुलासा शक्य नव्हता. पण खरं नाव सांगायची मुभा पोलिसांना नव्हती. ‘हे नाही’ एवढंच ते म्हणू शकत होते, ‘हे आहे’ म्हणू शकत नव्हते. ब्रिटनचे दहशतवादविरोधी कायद्यांचे स्वतंत्र समीक्षक जोनाथन हॉल यांनी आणि पुढे संसदेच्या गृहविषयक समितीनेही ही पोकळी धोक्याची ठरल्याचं नोंदवलं. निर्विवाद तथ्यं लवकर सांगून टाकली तर खटल्याला होणारा अपाय अफवांनी होणाऱ्या अपायापेक्षा कमीच असतो, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे. गप्प बसणाऱ्या यंत्रणेलाही तिच्या गप्प बसण्याचा हिशेब द्यावा लागतो. निदान ‘आम्ही अमुक कारणाने, अमुक दिवसापर्यंत नाव सांगू शकत नाही’ हे तरी ठळकपणे सांगता येतं.

५ तास आधी
मंगळवार, दुपारी ३

तोवर एकट्या एक्सवर ते खोटं नाव ३०,००० हून अधिक वेळा लिहिलं गेलं होतं. लिहिणारी खाती होती १८,००० हून अधिक. पोलिसांचा खुलासा आणि हा आकडा एकाच दिवसाचे आहेत.

आता मोठे आवाजही यात होते. समाजमाध्यमांवर लाखो अनुयायी असलेल्या अँड्र्यू टेटने हल्लेखोर होडीतून आलेला बेकायदा स्थलांतरित असल्याचं ठामपणे सांगितलं. रिफॉर्म यूके पक्षाचे नेते, खासदार नायजेल फराज यांनी त्या दिवशी एक चित्रफीत काढली आणि आपल्यापासून सत्य लपवलं जात आहे का, असा प्रश्न जाहीरपणे विचारला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्न विचारणं हा तर चिकित्सेचा प्राण. मग या प्रश्नात वावगं काय? प्रश्न दोन प्रकारचे असतात. एक प्रश्न उत्तर शोधायला निघतो. तो कुणाला विचारायचा, उत्तर कुठे मिळेल, मिळालं तर मी काय मान्य करीन, हे त्याने ठरवलेलं असतं. दुसरा प्रश्न उत्तर गृहीत धरून बाहेर पडतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात संशय ठेवून निघून जातो. संसदेत बसणाऱ्या माणसाला गृहमंत्र्यांना विचारायची सोय असते. तो तेच जेव्हा संतापलेल्या जनतेला विचारतो, तेव्हा ऐकणारे त्याला प्रश्न म्हणून ऐकत नाहीत. आपल्याकडच्या वाहिन्यांवर रात्री नऊच्या चर्चांचे मथळे पाहिले की या दुसऱ्या जातीचे प्रश्न ओळखायला वेळ लागत नाही.

दरम्यान टेलिग्राम आणि टिकटॉकवर एकत्र येण्याचे निरोप फिरत होते. त्यांत मशिदीच्या रस्त्याचं नाव होतं आणि त्याच संध्याकाळची वेळ. खोट्या नावाला आता पत्ता मिळाला होता.

पावणेदोन तास आधी
मंगळवार, संध्याकाळी ६

लॉर्ड स्ट्रीटवर ॲटकिन्सन या सांस्कृतिक केंद्रासमोर साउथपोर्टचे लोक मुलींना श्रद्धांजली वाहायला जमले. फुलं होती, फुगे होते, मौन होतं. हे त्या शहराचे लोक होते, ज्यांची मुलं त्या मुलींच्या वर्गांत होती. जवळच दुसरी गर्दी जमत होती आणि तिच्यातले अनेक जण बाहेरून आलेले होते. एकाच घटनेची एकाच शहरात दोन रूपं त्या तासात दिसली. जे दुःखाच्या सर्वांत जवळ होते ते शांत उभे होते.

शून्य
मंगळवार, संध्याकाळी पावणेआठ

मशिदीवर दगड, विटा, बाटल्या येऊ लागल्या. आत माणसं अडकली होती. पोलीस मध्ये उभे राहिले, म्हणून मार त्यांनी खाल्ला. ५० हून अधिक पोलीस जखमी झाले, पोलिसांची एक गाडी जाळली गेली. आदल्या दिवशी याच शहरातल्या मुलींच्या मदतीला पोलीसच धावले होते.

त्या रात्री मृत मुलींपैकी एकीच्या आईने समाजमाध्यमावर विनंती केली की साउथपोर्टमधली ही हिंसा थांबवा. जिच्या मुलीच्या नावाने हे चाललं होतं, ती स्वतः थांबा म्हणत होती. तिचा संदेश खरा होता, स्रोत पक्का होता. तोही पुरा पडला नाही.

शून्यानंतर

१ ऑगस्टला लिव्हरपूलच्या न्यायालयात न्यायाधीश अँड्र्यू मेनरी यांनी आरोपीचं खरं नाव छापायची परवानगी दिली. आठवड्याभरात तो १८ वर्षांचा होणारच होता, आणि नाव दाबून ठेवलं तर चुकीची माहिती पसरतच राहील, हेही त्यांनी विचारात घेतलं. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला, त्याचे आईवडील रवांडातून आलेले.

आता खरं नाव सगळ्यांसमोर होतं. दंगली थांबल्या नाहीत. त्या तर पसरल्या. संडरलंड, लिव्हरपूल, बेलफास्ट. लिव्हरपूलला स्पेलो लेन ग्रंथालयाला आग लावली गेली. ४ ऑगस्टला रॉदरहॅमजवळ आश्रय मागणारे राहत होते त्या हॉटेलवर जमावाने हल्ला केला, आत माणसं असताना आग लावायचा प्रयत्न झाला. हजारांवर लोकांवर गुन्हे दाखल झाले. कित्येक जण तुरुंगात गेले, त्यांत आधी कधी पोलीस ठाण्याची पायरीही न चढलेले होते. चॅनल३ नाऊने माफी मागितली. ती कितीशा लोकांनी पुढे पाठवली असेल?

खुलासा आला म्हणजे अफवा संपते, हा आपला मोठा भ्रम आहे. सुरुवातीला राग अफवेवर उभा असतो. काही तासांत तो स्वतःच्या पायावर उभा राहतो, मग अफवा काढून घेतली तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून पहिल्या काही तासांना एवढं मोल आहे.

आणखी एक नुकसान झालं, त्याची चर्चा कमी होते. साउथपोर्टमध्ये सरकारला विचारायचे खरे, जळजळीत प्रश्न होते. या मुलाचं नाव कट्टरतेकडे झुकणाऱ्यांसाठीच्या ‘प्रिव्हेंट’ या सरकारी योजनेकडे २०१९ ते २०२१ या काळात तीनदा पाठवलं गेलं होतं आणि तीनही वेळा प्रकरण मिटवलं गेलं. ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर रायसिन हे विष बनवल्याचा आणि अल कायदाची एक पुस्तिका बाळगल्याचा आरोपही ठेवला गेला. जानेवारी २०२५ मध्ये त्याने गुन्हे कबूल केले, त्याला जन्मठेप झाली, किमान ५२ वर्षांची. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. या अपयशाचा जाब जनतेने विचारायलाच हवा होता. पण त्या आठवड्यात पोलीस दंगली आवरण्यात गुंतले, सरकार दंगलखोरांना शिक्षा देण्यात, आणि तीन मुलींना वाचवता आलं असतं का, हा प्रश्न मागे पडला. अफवा सत्तेला जाब विचारते असं तिच्या मागे धावणाऱ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ती सत्तेला उत्तर द्यायला उशीर करण्याची सवलत देते.

राईनपाड्याची आठवण

मराठी वाचकाला यातलं काहीच नवं नाही. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून जगणारी पाच माणसं गावात आली. मुलं पळवणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून घरोघर पोहोचले होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही जण गेले.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मूळची कराचीतली होती. मुलांच्या सुरक्षेबद्दल जागरूकता आणण्यासाठी तिथल्या एका संस्थेने ती बनवली होती, आणि मुलाला परत आणून सोडतानाचा शेवट कापून ती फिरवली गेली. मुलांना जपा हे सांगणारी फिल्म माणसं मारायच्या कामी आली. राईनपाड्याच्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादेने वेग कमी होतो. पाठवायचं की नाही, हे मात्र अंगठ्यालाच ठरवावं लागतं.

साउथपोर्टमध्ये ३२ तास होते, राईनपाड्यात फार थोडे. पण दोन्हीकडे पायऱ्या सारख्याच. आधीपासूनची भीती, मग स्रोत नसलेला संदेश, मग परका चेहरा, मग ‘सगळेच म्हणतात’, मग हात. दोन्हीकडे कारण म्हणून पुढे केलेली गोष्टही सारखीच होती: आमची मुलं. मुलांवरचं प्रेम खरं असतं, आणि म्हणूनच अफवा पसरवणारे त्याच दारातून आत येतात.

पहिल्या तासांत काय करायचं

माध्यमसाक्षरतेचे अभ्यासक माइक कॉलफील्ड यांनी विद्यार्थ्यांसाठी चार पायऱ्या सुचवल्या होत्या. थांबा. सांगणारा कोण ते शोधा. त्याच गोष्टीबद्दल दुसरं विश्वासू कुणी काय सांगतं ते पाहा. उतारा, चित्र, चित्रफीत मुळात कुठून आली ते गाठा. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग यांच्या गटाला आढळलं की व्यावसायिक तथ्यतपासनीस एखाद्या अनोळखी संकेतस्थळावर फार वेळ घालवत नाहीत. ते लगेच बाहेर पडतात आणि त्याच्याबद्दल इतरत्र काय लिहिलं आहे ते शोधतात. चांगले विद्यार्थी आणि इतिहासाचे प्राध्यापकसुद्धा मात्र त्याच पानावर बसून त्याची मांडणी न्याहाळत राहतात आणि फसतात. चॅनल३ नाऊचं पान कितीही न्याहाळलं असतं तरी कळलं नसतं. ‘हे कोण आहेत?’ एवढं बाहेर जाऊन शोधलं असतं, तर एका मिनिटात संशय आला असता.

या चार पायऱ्यांमध्ये पहिलीच सर्वांत अवघड आहे, आणि मला या सगळ्या घटनाक्रमातून जे म्हणायचं आहे ते तिच्याबद्दलच. माध्यमसाक्षरता म्हणजे खोटं ओळखण्याची हुशारी, असं आपण समजतो. साउथपोर्टच्या ३२ तासांतलं खोटं ओळखायला फारशी हुशारी लागत नव्हती. लागत होती ती न कळण्याची वेळ सोसण्याची ताकद. काहीतरी भयंकर घडलं आहे, कुणी केलं ते अजून कळलेलं नाही, का केलं ते तर मुळीच नाही. ही अवस्था माणसाला असह्य होते आणि जो कुणी तिच्यातून पहिल्यांदा सोडवतो त्याच्यावर तो विश्वास ठेवतो.

ही ताकद सवयीने येते. घरातल्या व्हॉट्सॲप समूहात भयंकर बातमी येते तेव्हा ‘खोटं आहे’ असं सांगायचीही घाई नको, कारण ते आपल्यालाही माहीत नसतं. ‘मामा, हे कुठून आलं?’ एवढं विचारता येतं. सगळ्यांसमोर पाणउतारा केला तर माणूस खोट्याला आणखी घट्ट धरतो. त्यापेक्षा वेगळा फोन करून विचारलं तर मामा स्वतःच संदेश काढून टाकतात, हे अनेक घरांनी पाहिलं आहे. शिक्षकांना वर्गात रोज पाच मिनिटं मिळाली तर त्यांनी मुलांना एक बातमी द्यावी आणि विचारावं: यातलं कळलेलं काय, न कळलेलं काय, आणि जे सांगितलं आहे ते सांगणाऱ्याला कसं कळलं? संपादकांनी ‘अजून समजलेलं नाही’ ही ओळ मथळ्याजवळ छापायची हिंमत करावी. पोलिसांनी ती स्वतःहून, दर काही तासांनी सांगावी.

पुढची भयंकर बातमी येणार आहे, ती टळणारी नाही. ती येईल तेव्हा पहिल्या दिवशी आपल्यापैकी बहुतेकांना खरं काय ते ठाऊक नसेल. त्या दिवशी ‘मला अजून माहीत नाही’ हे मोठ्याने म्हणणारी माणसं प्रत्येक घरात, प्रत्येक समूहात, प्रत्येक वर्गात हवीत. तेवढं वाक्य वेळेवर म्हटलं गेलं, तर पुढचे तास शून्याकडे जाणार नाहीत.